इथेनॉल कोणाच्या पाण्यावर?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३०चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. परकीय चलन वाचले, साखर कारखान्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरते. ही तूट सामान्य वाहनधारक सोसतो. शिवाय ऊस अमाप पाणी पितो. बीड जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी मात्र पाण्याअभावी दरसाल कोयता घेऊन दुसऱ्याचा ऊस तोडावयास बाहेर पडतो. इथेनॉलच्या उत्पन्नात त्याच्या मजुरीचा आणि सिंचनात त्याच्या शेताचा न्याय्य वाटा ठरला पाहिजे. तोवर या इंधनास फार तर स्वदेशी म्हणता येईल. लोकांचे म्हणता येणार नाही.