मूळ कागद कुठाय?

‘श्टोंक!’ हा हेल्मुट डीटल यांचा १९९२ चा जर्मन सिनेमा मी गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. हिटलरच्या बनावट डायऱ्या आणि त्यांना भुललेलं एक नियतकालिक, ही गोष्ट. डायरीवर ‘ए. एच.’ हवं तिथे ‘एफ. एच.’ आहे, हे संपादकांच्या लक्षात येतं. पण कोणी थांबत नाही. जो तो ‘एफ’चा अर्थ लावत बसतो. सगळे हसतात तिथे. तीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढल्यामुळे मला हसू येत नाही.

कारण तो ‘एफ’ खरोखरच होता. २५ एप्रिल १९८३ रोजी हॅम्बुर्गमध्ये ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने या डायऱ्या जगापुढे ठेवल्या. साठेक वह्या, मोजलेले सुमारे ९३ लाख मार्क. आणणारा त्यांचाच बातमीदार गेर्ड हायडेमान, लिहिणारा कोनराड कुयाऊ. हस्ताक्षरतज्ज्ञांनी निर्वाळा दिला होता. पण ताडून बघायला दिलेल्या नमुन्यांतही कुयाऊच्याच हातचे कागद होते! ६ मे रोजी जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने निकाल दिला : कागद पांढराशुभ्र करणारं जे रसायन वह्यांत सापडलं, ते महायुद्धानंतरचं आहे.

ही कुयाऊच्या हाताची कमाल, असं म्हणतात. मला ते पटत नाही. सौदा ठरला तो प्रकाशनसंस्थेच्या व्यवस्थापनाशी. मुख्य संपादकांना सुरुवातीला पत्ताच नव्हता. वह्या कुठून येतात, हे गुपित. ते फुटेल या धास्तीने, ज्यांचं काम शंका घेणं त्यांनाच लांब ठेवलं गेलं. खोटेपणा तिथे पचला.

आमच्याकडेही एका रात्री बेचाळीसच्या चळवळीतलं एक ‘अप्रकाशित पत्र’ आलं होतं. झेरॉक्स. पहिल्या पानावर चार कॉलम जागा राखलेली, डाक आवृत्ती सोडायला वीस मिनिटं. मजकूर वाचताना माझाही गळा दाटून आला. मग वर छापलेल्या पत्त्याकडे नजर गेली. गावाच्या नावापुढे सहा आकडी पिनकोड. आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. मी विचारलं, ‘‘मूळ कागद कुठाय?’’ तो कोणीच पाहिला नव्हता.

आता तर अशी पत्रं मोबाइलवरच येतात, कागद नसतोच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : पान थांबवायचा अधिकार डेस्कवरच्या सगळ्यात नव्या पोराला किंवा पोरीलाही द्या, आणि त्यापायी बातमी हुकली तर त्यांना बोल लावू नका. त्या रात्री बातमीदार माझ्यावर चिडला, पुढे महिनाभर बोलला नाही. पण आमच्या वृत्तसंपादकांनी काही न बोलता ते चार कॉलम काढले आणि तिथे पावसाची बातमी लावली. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.