आधी पाना हातात घ्या!

एक रील हमखास समोर येतं. छोटी शिडाची बोट, निळंशार पाणी, डेकवर पाय पसरून बसलेला एकटा जीव आणि खाली कॅप्शन : ‘जॉब सोडला, बोट घेतली.’ सबमिशनच्या आठवड्यात असं काही दिसलं की तुम्ही ते लगेच सेव्ह करता. करा की! पण त्या रीलच्या आधीचं वर्ष सहसा कुणी दाखवत नाही आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

युरोप-अमेरिकेत जुनी छोटी बोट कधीकधी सेकंडहँड कारच्या भावात मिळते, हे खरंय. पण तिच्यात लगेच राहायला जाता येत नाही. तीस-चाळीस वर्षं पाण्यात राहिलेल्या फायबरग्लासच्या तळाला फोड आलेले असतात. ते घासायचे, तळ वाळवायचा, वर पुन्हा थर चढवायचे. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या स्टीलच्या तारा वरून चकाचक दिसल्या तरी आतून खराब झालेल्या असू शकतात, म्हणून त्याही बदलायच्या. मग वायरिंग, बॅटऱ्या, सोलर पॅनल, पाणी उपसायचा पंप. एकट्यानेच जायचं असेल तर वाऱ्यावर चालणारं सेल्फ-स्टिअरिंगही हवंच, कारण तुम्ही झोपल्यावर सुकाणू कोण धरणार? बोटीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त, असं सर्रास होतं.

‘म्हणजे हे पैसेवाल्यांचे चोचले!’ असं वाटेल. अगदी तसंही नाही. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. त्याला अमेरिकेतल्या फेअरहेवनमध्ये शेतात पडून असलेली ‘स्प्रे’ नावाची जुनाट बोट फुकट मिळाली होती. त्याने तिची जवळपास प्रत्येक फळी स्वतः बदलली. तेरा महिन्यांची मेहनत आणि सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट. १८९५ मध्ये निघालेला हा बाबा १८९८ मध्ये परत आला. त्याच्याकडे पैसा कमी होता, पण हातात कसब होतं.

आपल्या अभिलाष टॉमीचंच बघा. २०२२ च्या ‘गोल्डन ग्लोब रेस’मध्ये १९८८ पूर्वीच्या डिझाइनच्याच बोटी चालणार होत्या, जीपीएसला बंदी होती. ‘बयानात’ ही त्याची जुनी, डागडुजी केलेली बोट. भर समुद्रात सेल्फ-स्टिअरिंगचा भाग तुटला, तेव्हा त्याने टॉयलेटचं दार कापून पर्यायी भाग बनवला! तो दुसरा आला. पहिली आलेली कर्स्टन नॉइशेफरही जुनीच बोट घेऊन उतरली होती. कॅनडात तिने त्या बोटीवर महिनोन्‌महिने काम केलं होतं.

म्हणून म्हणते, ‘सोलो’ या शब्दाचा अर्थ आपण अर्धाच घेतलाय. कुणी डोकं खायला नाही, एवढंच आपल्याला दिसतं. पण मदतीलाही कुणी नाही, हा त्याचा उरलेला अर्थ आहे. मध्यरात्री तळातून पाणी यायला लागलं तर ते कुठून येतंय हे अंधारात हाताने सापडायला हवं. ज्याने ती बोट स्वतः उघडून पुन्हा जोडलीय, त्यालाच ते सापडेल. दुरुस्तीचे ते कंटाळवाणे महिने माणसाला बोटीची ओळख करून देतात. तयार बोट विकत घेऊन निघालेल्याला ही ओळख महागात मिळते, कधीकधी जिवावर बेतून.

आणि आपण? फ्यूज उडाला की वॉचमनकाकांना हाक, नळ गळला की घरी फोन. डिग्री मिळते, पण पाना कसा धरायचा हे कुणी शिकवत नाही. समुद्र राहू द्या, पहिल्यांदा एकटं खोली घेऊन राहायची वेळ आली तरी हे नडतं.

स्वप्न सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये. रील सेव्ह राहू दे. फक्त या रविवारी सायकलचं पंक्चर स्वतः काढून बघा, मिक्सरच्या प्लगची वायर स्वतः जोडा, शेजारच्या गॅरेजमध्ये तासभर उभे राहून इंजिन कसं उघडतात ते विचारा. हात काळे होतील, होऊ द्या.