आवाज हवा, माणसे नकोत?

ज्या सभागृहात आपल्या बांधवांना मानाने बसता येत नाही, तिथे कलावंताने गावे काय? टॉड डंकन या कृष्णवर्णीय अमेरिकन बॅरिटोन गायकाने १९३६ साली याचे रोखठोक उत्तर दिले.

डंकन वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गायन शिकवीत. १९३५ साली गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरात पहिला पोर्गी त्यांनीच उभा केला. पुढच्या वर्षी तो ऑपेरा त्यांच्याच शहरातील नॅशनल थिएटरमध्ये ठरला. तिथे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या बरोबरीने बसता येत नसे. डंकन यांनी बजावले, आमचे लोक हव्या त्या खुर्चीवर बसणार नसतील तर आम्ही गाणार नाही! ठरावीक खेळांपुरता प्रवेश देण्याची तडजोडही त्यांनी झिडकारली. अखेर व्यवस्थापन झुकले. मात्र प्रयोग संपताच वर्णभेद परतला. पुढे नटांच्या संघटनेनेच बहिष्कार घातला, तेव्हा १९४८ साली या थिएटरने समतेऐवजी सिनेमा पत्करला. वर्णभेद सोडून नाटके पुन्हा सुरू झाली ती १९५२ साली.

१९४५ साली डंकन न्यूयॉर्क सिटी ऑपेरात ‘पालियाची’मधील टोनिओ गायले. गोऱ्या सहकलाकारांत ते एकटेच कृष्णवर्णीय होते. हा मान मोठाच. पण आम्हाला त्यांचा १९३६ चा नकार अधिक मोलाचा वाटतो. एकट्याला मिळालेला प्रवेश म्हणजे समता नव्हे. आज प्रस्थापितांच्या मंचावरून आमच्या गायकांनाही बोलावणी येतात. त्यांनी जरूर जावे. पण आधी समोरच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे, ते पाहावे.