उपग्रहाला दिसलं, तलाठ्याला कधी?

१६ एप्रिल २०२४ ला इथे पाऊस कोसळला तेव्हा सांगलीहून आईचा फोन आला. "अरे, वाळवंटात पूर म्हणे?" मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या गॅलरीत उभा होतो. खाली रस्ता नव्हताच, गाड्यांचे टप तेवढे दिसत होते. अल ऐनजवळ चोवीस तासांत २५४.८ मिमी, १९४९ पासूनच्या नोंदींतला उच्चांक!

माझं पोट उपग्रहचित्रांवर चालतं, पीएचडीही त्यातलीच. त्यामुळे आईचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुझ्या उपग्रहाला दिसलं नाही का?"

दिसलं, पण १९ तारखेला. त्या दिवशी लँडसॅट ९ जेबेल अलीवरून गेला. चित्र सुरेख आलं, आम्ही तोवर तीन दिवस पाण्यात. त्याच्या कॅमेऱ्याला ढगांपलीकडचं दिसत नाही. रडारला दिसतं, रात्रीही. शांत पाणी रडारच्या लहरी आरशासारख्या भलतीकडे परतवतं, म्हणून चित्रात काळं येतं. पण इथली सपाट कोरडी वाळूही काळीच येते! आणि इमारतींच्या दाटीतलं पाणी तर धड ओळखूच येत नाही.

मग हे सगळं कशाला? सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराचं रडारचित्र मी इथे बसून बघत होतो. आमच्या गल्लीत मात्र लोक २००५ च्या आठवणीवर विसंबून होते: "तेव्हा इथवर आलं नव्हतं." या वेळी आलं. चित्र माझ्याकडे, पाणी आईच्या उंबऱ्यात.

माळीणही आठवा. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला, दीडशेच्या आसपास माणसं गेली, आणि जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसेना म्हणून. डोक्यावर उपग्रह तेव्हाही फिरत होतेच.

माझं मत विचाराल तर उपग्रहचित्राची खरी किंमत पूर येण्याआधी आहे. मागचं पाणी कुठवर चढलं, खोलगट जागा कुठल्या, कुठला उतार धोक्याचा, हे सगळं त्यातून काढता येतं. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असे नकाशे करतं, युरोपच्या सेंटिनेलची चित्रं तर कुणालाही फुकट मिळतात. अडतं ते शेवटच्या पायरीवर. मे संपायच्या आत तो नकाशा, मराठी नावांसकट, तलाठ्याच्या हातात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवा.

दुबईने जून २०२४ मध्ये पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी ३० अब्ज दिरहमची योजना जाहीर केली. आपल्याकडे तेवढे पैसे नसतील, पण भिंतीवर कागद चिकटवायला कितीसे लागतात?

असो. तुमच्या गावच्या चावडीत असा नकाशा आहे का? एकदा बघून या.