घरातल्या मनूचे दहन कधी?

गावातल्या जातीयवादी गुंडांनी आपल्या लेकीबाळींवर हात टाकला की आपण रस्त्यावर उतरतो. मोर्चा निघतो, रास्ता रोको होतो, कलेक्टर कचेरीवर निवेदन जाते. ते योग्यच आहे. तसे केले नाही तर पोलीस ठाण्यात आपली साधी दखलही घेतली जात नाही, हा इतिहास आहे. पण त्याच वस्तीत, त्याच निळ्या झेंड्याखाली एखादा नवरा दारू पिऊन येतो आणि बायकोला गुरासारखा झोडपतो, तेव्हा शेजारच्या घरातला कार्यकर्ता टीव्हीचा आवाज वाढवतो. विचारले तर म्हणतो, 'तो त्यांच्या घरातला मामला आहे.' बाईवर हात टाकणारा परजातीचा असला तर अत्याचार आणि आपला असला तर घरातला मामला! हे दोन न्याय कोणत्या धम्मात बसतात, याचे उत्तर आता चळवळीने दिले पाहिजे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की मारझोड फक्त आपल्याच वस्त्यांत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे या देशातल्या १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा हिंसाचार सोसलेला आहे. त्यात बंगल्यातल्या आहेत आणि झोपडीतल्याही आहेत. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या मात्र साधारण १४ टक्केच निघाल्या. बाकीच्या गप्प राहिल्या. तेव्हा आपल्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या वाड्यात डोकवावे. पण इतर समाज कसे वागतात, हा आपला मापदंड होऊ शकत नाही. आपण मनुस्मृती जाळणाऱ्या महामानवाचे अनुयायी आहोत. आपला मापदंड आपण स्वतःच १९५६ साली दीक्षाभूमीवर स्वीकारला आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले. शूद्र आणि स्त्री या दोघांनाही गुलाम करणारा तो ग्रंथ होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या भगिनींना सांगितले की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये. समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. आणि १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या प्रमुख कारणांत हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी होती. स्त्रियांच्या हक्कांसाठी मंत्रिपद सोडणाऱ्या नेत्याचे आपण अनुयायी, आणि शेजारच्या ताईसाठी आपल्याला एक दार ठोठावता येत नाही?

आपण दर पौर्णिमेला पंचशील ग्रहण करतो. हिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील त्यात आहे, कामवासनेच्या दुराचारापासून दूर राहण्याचे आहे, मद्यापासून दूर राहण्याचेही आहे. बायकोला मारणारा दारुडा एका रात्रीत यातली किती शीले मोडतो, हे ज्याने त्याने मोजावे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे ही त्यातली कर्तव्ये आहेत. मारण्याचा अधिकार त्यात कुठेही नाही.

यावर आपले काही कार्यकर्ते एक मुद्दा मांडतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, 'पोलीस आधीच आपल्यावर टपलेले असतात. घरचे भांडण ठाण्यात नेले तर पोरगा आत जाईल, घराची कमाई बंद होईल आणि चळवळीची बदनामी होईल ती वेगळीच.' पोलिसांच्या जातीय वृत्तीबद्दल आम्हाला कोणी नव्याने सांगायला नको. वकिलीच्या धंद्यात ती आम्ही रोज बघतो. पण या भीतीची किंमत नेहमी बाईनेच का मोजायची? दुसरे असे की, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तो याच अडचणीवर तोडगा म्हणून उपयोगी पडतो. या कायद्याखाली नवऱ्याला लगेच तुरुंगात टाकायचे नसते. बाईने न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो आणि संरक्षण, निवारा, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई मागायची असते. न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश नवऱ्याने मोडला, तरच तो गुन्हा होतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणजे सुधारण्याची संधी आधी आणि तुरुंग नंतर. अर्थात मारहाण जिवावर बेतणारी असेल, तर पोलिसांत फौजदारी तक्रार करण्याचा तिचा मार्ग खुलाच राहतो.

आमच्याकडे येणाऱ्या भगिनींचा पहिला प्रश्न क्वचितच शिक्षेचा असतो. त्या विचारतात, 'वकीलसाहेब, मी राहू कुठं?' माहेरी भाऊ-भावजय, सासरी मार. या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की ती नांदत असलेले घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते. हा कायदा फक्त पत्नीपुरता नाही. आई, बहीण, मुलगी, लग्नासारख्या संबंधात राहणारी स्त्री या सर्वांना तो लागू आहे. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबत जातात आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर इतर कामांचा ढीग असतो. मग स्वतंत्र, पूर्णवेळ संरक्षण अधिकाऱ्याच्या मागणीसाठी आपला एखादा मोर्चा का निघू नये?

आता दुसऱ्या आघाडीकडे वळू. जातीयवाद्यांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांत आपण मोर्चे जिंकतो आणि खटले हरतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. महाराष्ट्र पेटला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. पण दोन्ही न्यायालयांत अॅट्रॉसिटी कायदा टिकला नाही आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार न्यायालयाच्या निकालात कुठेच उमटला नाही. २०२० साली उत्तर प्रदेशात हाथरसला पोलिसांनी मध्यरात्री मुलीचे अंत्यसंस्कार उरकले. मार्च २०२३ मध्ये तिघे निर्दोष सुटले, एकाला सदोष मनुष्यवध आणि अॅट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा झाली. बलात्कार मात्र कोणावरच सिद्ध झाला नाही.

असे का होते? न्यायव्यवस्थेतला जातीचा चष्मा हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत घडते. फिर्यादीत जातीचा उल्लेख राहून जातो, वैद्यकीय तपासणी उशिरा किंवा अर्धवट होते, कपडे धुतले जातात. जुन्या कायद्यात गुन्हा 'जातीच्या कारणावरून' घडला हे सिद्ध करावे लागे. याच कसोटीवर पुरावा नाही म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका अंध दलित मुलीच्या खटल्यात बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली, पण अॅट्रॉसिटीची शिक्षा रद्द केली. २६ जानेवारी २०१६ पासून मात्र सुधारित कायदा लागू आहे. आता पीडिता अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे पुरेसे आहे. आरोपीची तिच्याशी किंवा तिच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर ते त्याला ठाऊक होते असेच न्यायालय गृहीत धरते. हे हत्यार आपल्या हातात आहे, पण किती कार्यकर्त्यांना ते ठाऊक आहे?

म्हणून काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ कराव्यात. घटना कोणत्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. बलात्काराची फिर्याद नोंदवण्यास नकार देणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक इस्पितळाने बलात्कारपीडितेवर मोफत उपचार केलेच पाहिजेत. अंगावरचे कपडे न धुता, कागदात बांधून द्यावेत. पण उशीर झाला, अंघोळ झाली, म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही. अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. धम्मदीक्षा घेतलेल्यांना अनुसूचित जातीचे संरक्षण १९९० पासून आहे. तेव्हा फिर्यादीत नुसते 'बौद्ध' लिहून थांबू नये, पूर्वीची जात नोंदवून दाखला जोडावा. मूल पीडित असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळले त्याने खबर देणे सक्तीचे आहे. बैठक बसवून प्रकरण मिटवणारे पंच स्वतःच गुन्हेगार ठरू शकतात. बलात्कार हा तडजोडीचा गुन्हा नाहीच.

आणखी एक कटू गोष्ट. आपण पीडितेचे नाव आणि फोटो बॅनरवर छापतो. ती हयात असो वा नसो, तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तो अन्यायच ठरला असता. मोर्चा संध्याकाळी संपतो, तिला मात्र त्याच गावात पुढची चाळीस वर्षे काढायची असतात. तिच्यावर बहिष्कार येतो, साक्षीदार फुटतात, पैशाचे आमिष येते. तेव्हा तिच्यासोबत कोण असते? अॅट्रॉसिटी कायद्यात साक्षीदारांचे संरक्षण आहे, टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. पण हे कागद भरायला, तारखेला सोबत जायला माणूस लागतो.

तो माणूस चळवळीने द्यायचा आहे. प्रत्येक विहारात दोन जाणत्या महिला आणि एक वकील असा गट उभा राहावा. वर्षावासाच्या प्रवचनमालेत एक दिवस या कायद्यांसाठी द्यावा. पीडितेने काय करायचे ते तिने ठरवावे. गटाने तिचे ऐकावे, माहिती द्यावी, सोबत चालावे आणि तिचे नाव ओठावर आणू नये. आणि जो बायकोला मारतो, त्याला जयंतीच्या मंचावर खुर्ची मिळू नये, मग त्याची वर्गणी कितीही मोठी असो. एवढे एक पथ्य पाळले तरी वस्तीतल्या प्रत्येक बाईला कळेल की चळवळ तिच्याही बाजूने आहे. अत्याचाऱ्याची जात पाहून आपला आवाज वर-खाली होत राहिला, तर उद्या न्यायालयात आणि रस्त्यावर आपल्या शब्दाला वजन उरणार नाही.

महाडला मनुस्मृती जळाली, त्याला जवळजवळ शंभर वर्षे होत आली. दरवर्षी २५ डिसेंबरला आपण त्या दहनाचे स्मरण करतो. यंदा त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या घरातही एकदा पाहावे की मनू तिथे अजून पाट मांडून तर बसलेला नाही ना!

जयभीम!