जुन्या गाडीला नवे शॉकअप : कारागिराची कमाई आणि कारागिराची अमानत

गेल्या काही वर्षांत जुन्या मोटारसायकलींना पुन्हा चांगला भाव आला आहे. १९८५ साली बाजारात आलेली आणि १९९६ मध्ये बंद झालेली यामाहा आरएक्स १००, म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेली येझदी, जुनी ड्रम ब्रेकची बुलेट या गाड्या एके काळी भंगाराच्या भावाने विकल्या जात. आज तरुण मुले त्या शोधून काढतात, दुरुस्त करून घेतात आणि हौसेने चालवतात. या हौसेमुळे गॅरेजवाले, लेथवाले, वेल्डर, पेंटर आणि सुट्या भागांचे व्यापारी यांच्या हाताला काम मिळाले आहे. या धंद्यात आपल्या समाजातील कारागिरांची संख्या लक्षणीय आहे, म्हणूनच या पानावर हा विषय घेत आहोत.

या हौशी ग्राहकांची एक मागणी वारंवार असते. जुन्या गाडीचे पुढचे शॉकअप, ड्रम ब्रेक आणि तारांचे चाक काढून तिथे स्पोर्ट बाइकचा पूर्ण पुढचा भाग बसवून द्या, असे ते सांगतात. कोणाला २००८ साली भारतात आलेल्या यामाहा आर १५ चा पुढचा भाग हवा असतो, तर कोणाला पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएमचे जाडजूड उलटे शॉकअप, डिस्क आणि कॅलिपरसह हवे असते. परदेशातही हे चालते. सत्तरच्या दशकातील होंडा, सुझुकी गाड्यांना नव्या स्पोर्ट बाइकचा पुढचा भाग बसवण्याची रीत तिकडे जुनी आहे. त्यासाठी तयार स्टेम व बेअरिंगचे संच विकणारे धंदेही तिकडे उभे राहिले आहेत.

ड्रमपेक्षा डिस्क ब्रेक चांगला लागतो आणि जाड शॉकअप कमी वाकतात, हे खरे आहे. ग्राहकाची मागणी अगदीच वेडगळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हे काम ज्या पद्धतीने आपल्याकडे केले जाते आणि जे ग्राहकाला सांगितले जात नाही, त्याबद्दल स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

भंगारातला शॉकअप कुठून येतो?

पहिला प्रश्न मालाचा. भंगार बाजारात येणारी स्पोर्ट बाइक बहुतेक वेळा म्हातारी होऊन आलेली नसते, अपघात होऊन आलेली असते. अपघातात गाडी समोरून आदळली तर सर्वांत आधी मार बसतो तो पुढच्या चाकाला, शॉकअपला आणि टीला. म्हणजे ज्या भागासाठी ग्राहक सर्वांत जास्त पैसे मोजतो, तोच भाग त्या गाडीतला सर्वांत संशयास्पद भाग असतो. इंजिन शाबूत असेल, टाकी शाबूत असेल, पण शॉकअपचा पाइप केसभर वाकलेला असू शकतो. खालच्या टीला डोळ्यांना न दिसणारी चीरही असू शकते. वरून पॉलिश मारले की दोन्ही झाकले जाते.

म्हणून पाइप खोलून, सपाट काचेवर किंवा व्ही ब्लॉकवर फिरवून, शक्य असेल तर डायल गेज लावून तपासल्याशिवाय बसवू नये. टी साफ करून, चीर दाखवणारे रंगद्रव्य लावून पाहावी. वाकलेला पाइप प्रेसखाली सरळ करून पुन्हा बसवणे हा धोका ग्राहकाच्या जिवावर घेतलेला असतो.

दुसरा प्रश्न बिलाचा. मीरतचा सोतीगंज बाजार गाड्यांच्या सुट्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तिथे तोडल्या जातात या आरोपावरून डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. बाजार बंद झाला की कुलूप सर्वांच्याच दुकानांना लागते. त्या वेळी सचोटीच्या व्यापाऱ्याला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याच्याकडची कागदपत्रे. कुर्ल्यात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात माल घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसे मानण्यास कारण असताना घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निम्म्याहून कमी भावात, बिलाशिवाय, रात्री दुकानात आलेल्या शॉकअपच्या जोडीबद्दल “आम्हाला काय माहीत” असे म्हणता येत नाही. कायद्यासमोर म्हणता येत नाही आणि अल्लाहसमोर तर नाहीच.

माप घेतल्याशिवाय टी बसवू नका

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टीचा स्टेम जुन्या चेसिसच्या मानेत बसत नाही, ही पहिली अडचण. जुन्या गाड्यांत सुटे छर्रे आणि कोनसेट असतो, तर नव्या गाडीच्या स्टेमची जाडी आणि लांबी वेगळी असते. योग्य मार्ग असा की मानेचे आतले माप आणि स्टेमचे वरचे व खालचे माप घेऊन त्या मापाचे टेपर बेअरिंग शोधावे. ते मिळत नसेल तर चांगल्या पोलादाचा नवा स्टेम लेथवर काढून खालच्या टीत दाबून बसवावा. स्टेम कातताना जिथे जाडी बदलते तिथे काटकोनी खाच ठेवू नये, गोलाई द्यावी, कारण चीर त्या खाचेतूनच सुरू होते. हे चांगल्या लेथवाल्याला सांगावे लागत नाही. पण घाईत काम करणारे जुना स्टेम कापून नव्या टीला वेल्डिंगने चिकटवतात. खालची टी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर पोलाद तिला वेल्ड होतच नाही, आणि टी पोलादाची असली तरी अशा टाक्यावर गाडीचे पुढचे सारे वजन आणि ब्रेकचा सारा झटका येतो, हे विसरता कामा नये.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, पण जीव तीच घेते. मानेची तिरपी रेषा जमिनीपर्यंत वाढवली आणि चाकाच्या एक्सलमधून ओळंबा सोडला, तर जमिनीवर या दोन बिंदूंत काही अंतर पडते. त्याला ट्रेल म्हणतात. या अंतरामुळेच सुटलेले हँडल आपोआप सरळ होते. समजा, एका जुन्या गाडीची मान २७ अंश तिरपी आहे, पुढचे चाक १९ इंची आहे आणि टीतील पुढचा सरकाव ६० मिलिमीटर आहे. तिचा ट्रेल ९८ मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याच टीत १७ इंची चाक आणि आखूड शॉकअप बसवले आणि पुढचा भाग ५० मिलिमीटर खाली आला, तर मान सुमारे दोन अंशांनी उभी होते आणि ट्रेल ७० मिलिमीटरपर्यंत घसरतो. गल्लीत फिरवताना अशी गाडी हलकी आणि मजेची वाटते. हमरस्त्यावर वेगात खड्डा लागला की हँडल थरथरू लागते, आणि मग ते कोणाच्याही हातात राहत नाही.

स्पोर्ट बाइकच्या स्वतःच्या टीत हा सरकाव सहसा कमी ठेवलेला असतो. त्यामुळे छोटे चाक असूनही तिचा ट्रेल पुरेसा राहतो. म्हणून जुनी टी बोर करून तिच्यात नवे पाइप घुसवणे हा सर्वांत वाईट उपाय होय. दोरा, ओळंबा आणि फूटपट्टी एवढ्या सामानात ट्रेल मोजता येतो. काम सुरू करण्यापूर्वी एकदा मोजावा आणि संपल्यावर पुन्हा मोजावा. दोन्ही आकडे ग्राहकाच्या कागदावर लिहून द्यावेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. स्प्रिंग काढून शॉकअप पूर्ण दाबून पाहावे. चाक वा मडगार्ड चेसिसला किंवा सायलेन्सरला लागता कामा नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. पाइप टाकीवर आदळू नये म्हणून चेसिसवरचा अडथळा नव्या टीला नीट भिडला पाहिजे. ब्रेकचा होज आणि केबल ताणली जाऊ नये. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर एकाच गाडीचे असावेत. सुमारे शंभर किलोच्या आरएक्सला जड गाडीची स्प्रिंग तशीच ठेवली तर पुढचा भाग लाकडासारखा होतो. आणि शेवटचे, जुन्या चेसिसची मान ड्रम ब्रेकचा झटका सोसण्यासाठी केलेली होती. मोठ्या डिस्कचा झटका तिच्यावर आला की मानेजवळच्या जोडाला तडा जाण्याचा धोका असतो. तिथला रंग खरवडून तो जोड पाहिल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे अशा गाडीचा पुढचा भाग आणला की चाकावर एबीएसची दातेरी चकतीही येते. पण ब्रेकचा दाब सांभाळणारा संच मूळ गाडीतच राहतो. अशा जुन्या गाडीला ‘एबीएसचा ब्रेक लावला’ असे सांगून पैसे घेणे हे सरळ खोटे बोलणे आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्याच दुरुस्तीने कलम १८२ अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. “आरसी बुकात शॉकअप लिहिलेले नसते” असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. परंतु दोन चाकांमधले अंतर आणि गाडीचे वजन ही नोंदणीतलीच माहिती आहे, आणि पुढचा भाग बदलला की दोन्ही बदलतात. अपघात झाल्यास विमा कंपनी हेच कारण पुढे करून दावा अडवू शकते.

दंड मालकाला होतो, कारागिराला नाही, असे म्हणून आपण सुटतो का? ग्राहकाला हे माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. माहीत असून न सांगणे म्हणजे मालातला दोष लपवणे होय. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा करतात, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. पॉलिशखाली झाकलेली चीर ही त्या ढिगातलीच ओल आहे. हनफी फिकहमध्ये अनेकांचे काम घेणाऱ्या कारागिराला ‘अजीर मुश्तरक’ म्हणतात. त्याच्या स्वतःच्या कामामुळे ग्राहकाच्या वस्तूचे नुकसान झाले तर भरपाई त्याच्यावर येते. कापडाबद्दल ज्यांनी एवढी काळजी घेतली, त्यांनी माणसाच्या जिवाबद्दल काय म्हटले असते याचा विचार प्रत्येक उस्तादाने करावा.

आमची सूचना

आमचे मत स्पष्ट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला असा बदल करून देण्याचे काम सध्याच्या कायद्यात घेऊ नये. ग्राहक गेला तरी चालेल. प्रदर्शनासाठी किंवा खासगी ट्रॅकसाठी गाडी असेल, तर तसे लेखी घेऊन आणि वरील प्रत्येक तपासणी करून काम करावे.

मग रोजी कशी चालायची? जुन्या गाडीचा मूळ पुढचा भाग नव्यासारखा करून देणे हे स्वतंत्र आणि चांगल्या मोबदल्याचे काम आहे. नवा कोनसेट, सरळ पाइप, नवे ऑइल सील, योग्य वजनाचे तेल, ड्रम लेथवर गोल करून त्याला घोटून बसवलेले लायनर, घट्ट तारांचे सरळ रिम हे सारे झाल्यावर आरएक्स किंवा येझदी कशी थांबते आणि वळते, हे ग्राहकाने बहुधा कधी अनुभवलेलेच नसते. ते एकदा अनुभवले की त्याला उलट्या शॉकअपची आठवण राहत नाही. या कामाला चोरीचा माल लागत नाही, आरटीओची भीती राहत नाही आणि ग्राहक पुन्हा येतो.

त्याचबरोबर गॅरेज संघटनांनी सरकारकडे एक मागणी करावी. जर्मनीत असा बदल केल्यावर अधिकृत तज्ज्ञ गाडी तपासतो आणि योग्य असेल तर तो बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवतो. आपल्याकडेही अशी तपासणी आणि नोंद का होऊ नये? सरसकट मनाईने काम थांबत नाही, ते शटरखाली लपून होते, आणि लपून केलेल्या कामाची तपासणी कोणीच करत नाही. मात्र ही मागणी करण्याचा नैतिक हक्क त्याच कारागिराला आहे, ज्याच्याकडे प्रत्येक मालाचे बिल आणि प्रत्येक कामाचे माप लिहिलेले आहे. आजपासूनच आपल्या गॅरेजमध्ये त्यासाठी एक वही ठेवावी, एवढीच आमची कारागीर बांधवांना विनंती आहे.