तळ्याला हार, नदीला पाठ

मी पुसेगावचा, जिल्हा हिंगोली. आमच्याकडून समुद्र लई लांब. उन्हाळ्यात कयाधूची वाळू होती. म्हणून 20 मार्चला महाडला गेलो, सावित्री बघितली, नि उतरायला लागलो. सोबतचा कोकणातला गडी म्हणला, "तोंड लावू नको रं त्या पाण्याला."

मित्रांनो, हा गडी बौद्धवाडीतला. महाडात, 20 मार्चला, आपलाच माणूस आपल्याला पाण्यापासून हटकतो!

महाबळेश्वराहून निघायचं, पोलादपूर, महाड, दासगाव करीत बाणकोटला समुद्रात जायचं, एवढीच ही नदी. पण 25 डिसेंबर 1927 ला 'पद्मावती' बोटीनं बाबासाहेब दासगावच्या बंदराला उतरले ते हिच्याच खाडीतून. तिथून महाड पाच मैल, पायी. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. आपल्या भाषणांत तळं येतं, मनुस्मृती येते. नदी येत नाही.

त्याच साली मार्चात आमच्या ओंजळीनं तळं बाटलं, तवा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं. मग कोर्टकज्जे. 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. आणि सावित्री? एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं तिच्यात गेलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत ती आहे. खाडीवर पोट असलेल्या भोयांनी मेलेले मासे बघितले. आता कुणाची घागर निघाली? एक तरी?

म्हणतात, ह्यात जात कुठं आली, पाणी सगळ्यांचंच नासलं. खरंय. पण बाटली सगळ्यांना परवडत नाही.

आपलेही काही शहाणे म्हणतील, नदी हा पर्यावरणवाल्यांचा विषय. काहून? पाण्यासाठी डोकी कुणाची फुटली व्हती महाडात?

आम्ही काय करतो? बॅनर, पुढाऱ्यांच्या गाड्या, हारांचे ढीग. (पुस्तकांचे स्टॉल मात्र असावेत, मी चार घेतली.) मीही तळ्यावर ओंजळ घेतली, बाहेर येऊन 20 रुपयांची बाटली घेतली, गटागटा प्यालो. तवा लाज वाटली नाही. एष्टीत वाटली, हिंगोली येईस्तोवर.

येत्या 20 मार्चला मी दासगावला उतरणार. सावित्रीचं पाणी त्याच रिकाम्या बाटलीत भरणार, पाच मैल चालत महाडला जाणार नि बाटली प्रांताच्या टेबलावर ठेवणार. साहेब, घ्या एक ओंजळ.

येणाऱ्यांनी आधी कळवा. जयभीम.